काच शाबूत

३ जून

खडूमास्तर,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडून टाकायच्या आधी निदान पहिलं पान वाच. हे पत्र तुझ्याही आधी तिथला कारकून वाचतो म्हणे. वाचू दे. नमस्कार कारकूनसाहेब, मी या कैद्याची सख्खी मोठी बहीण. माझ्याच साक्षीवरून तो तुमच्याकडे आलाय.

कसा आहेस, असं विचारणार नाही. अडीच वर्षांत विचारलं नाही, आता विचारलं तर तूच हसशील.

माझं म्हणशील तर तोच फोटो स्टुडिओ, तेच स्टूल. लोकांना भिंतीसमोर बसवायचं, हनुवटी वर करायला सांगायचं, फोटो काढायचा आणि एका पट्टीतली आठ तोंडं कटरने वेगळी करायची. मालकांना हल्ली कमी दिसतं, त्यामुळे कापाकापी सगळी माझ्याच गळ्यात. हात चांगला बसलाय. डोळे मिटून सरळ कापते.

लिहायला कारण घडलं म्हणून लिहिते आहे. तुला ठाऊक नसलेलं थोडं आधी सांगावं लागेल.

पूल पडल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, फोटो टाकायच्या त्या साइटवर कुणीतरी ‘आपला पूल’ नावाचा अल्बम उघडला. जो तो आपापले जुने फोटो त्यात टाकायला लागला. पुलावर भेटलेली जोडपी, पुलावरून पोहायला उड्या मारणारी पोरं, नवी सायकल, म्हातारे आईवडील. आपल्या गल्लीतल्या एका बाईने मला दाखवला. दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं, तेव्हा मी तो अल्बम बघत बसायची. लोक पुलाकडे बघायचे, मी फोटोतल्या लोकांच्या पाठीमागे बघायची. आपली मिरची रोज सकाळी त्याच पुलावरून कॉलेजला जायची ना. कुणाच्या तरी फोटोत, कुठेतरी मागे, चुकून आली असेल.

चारशेबारा फोटो बघितले. तीन फोटोंत सापडली. एकात नुसती पाठ आणि दप्तर. एकात जांभई देताना. एकात सायकलचं पुढचं चाक आणि हँडलवरचा हात, पण हात तिचाच. मला कळतो.

बघता बघता मी खांबांकडेही बघायला लागले. तिसऱ्या खांबाला माथ्याशी तडा होता आणि त्यावर तू काचेची पट्टी चिकटवली होतीस, ते तूच आम्हा दोघींना एकदा नावेतून दाखवलं होतंस. तडा हलला की काच तुटणार. काच अख्खी म्हणजे पूल अख्खा. दर तीन महिन्यांनी जाऊन बघायचं, शेजारी खडूने तारीख लिहायची आणि ऑफिसच्या रजिस्टरमध्ये दोन शब्द: काच शाबूत.

अल्बममध्ये पक्ष्यांचे फोटो काढणारे एक निवृत्त गृहस्थ होते. साइटवर नाव ‘बगळेबुवा’. त्यांनी त्या खांबावर बसलेल्या बगळ्याचा फोटो टाकला होता आणि बगळ्याच्या बाजूला तुझी काच होती. तुटलेली. फोटोखाली कॅमेऱ्याची तारीख होती, १४ नोव्हेंबर, पूल पडला त्याच्या एक वर्ष आणि पाच दिवस आधीची.

पुढचं तुला पाठ आहे. ती काच वर्षभर तुटलेली होती आणि तू त्या वर्षात चार वेळा ‘काच शाबूत’ लिहिलंस. पुलाखाली गाळ काढायचं यंत्र लावलं आणि खांबाचा पाया उकरला गेला, असं तू पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगत होतास. पण यंत्र आलं शेवटच्या महिन्यात आणि काच तुटलेली वर्षभर आधी. यंत्रवाले सुटले. तुला पाच वर्षं.

तर कारण असं की बगळेबुवा वारले. त्यांच्या मुलीने अल्बमवर लिहिलंय की बाबांचा कॅमेरा आणि सगळे फोटो खराब झालेत, कुणाकडे त्यांचे फोटो असतील तर पाठवा. बगळ्याचा तो फोटो तिला खास हवाय. साइटवर आता तो नाही. माझ्याकडे आहे.

एवढंच कळवायचं होतं.

— ताई


१९ जून

खडूमास्तर,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमन रोज दुकानासमोरून जातो आणि मी मान वर करते. सवय आहे झालं.

बगळेबुवांच्या मुलीला मी अजून फोटो पाठवलेला नाही. का नाही, ते तुला सांगते. गेल्या पत्रात सांगायचं होतं, पण पान संपलं असं मी स्वतःला सांगितलं. पान संपलं नव्हतं.

पुलाच्या चौकशी समितीला मी दिला तो फोटो पूर्ण नव्हता. मी कापलेला होता. काच, तडा आणि बगळ्याची अर्धी शेपटी, एवढाच तुकडा मोठा करून दिला. तारखेचा वेगळा कागद साइटवरून छापून जोडला. समितीतल्या एकानेही बाकीचा फोटो मागितला नाही. तुझ्या वकिलानेही नाही. मेलेल्या मुलीच्या आईने आणलेला फोटो, त्यावर कोण शंका घेणार?

कापलेल्या भागात वर कठडा होता. कठड्यावर वाकून मिरची बगळ्याकडे बघत होती.

तिचा चौथा फोटो. सगळ्यांत स्पष्ट.

तिला त्या खोलीत, फायलींमध्ये, टाचणी लावून ठेवायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून कापला. आईने आपल्या लेकराला चौकशीपासून बाजूला ठेवलं, यात तुला काही वावगं वाटणार नाही. वाटलं तर कळव.

— ताई


२० जून

कालचं पत्र पेटीत टाकून घरी आले आणि जेवण गेलं नाही. म्हणून आज परत. करून सवरून नामानिराळं राहायची माझी ही सवय आईला ठाऊक होती. फुलदाणी मी फोडायची आणि ‘वारा केवढा सुटलाय’ म्हणायची. मार तू खायचास.

ऐक. आता सरळ लिहिते.

त्या फोटोत तिचे केस कापलेले आहेत. कानाच्या वर, मुलासारखे.

तिचे केस कधी कापले, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. पूल पडायच्या आठ दिवस आधी. कंबरेपर्यंतची वेणी घेऊन सकाळी गेली आणि संध्याकाळी मान उघडी टाकून दारात उभी राहिली. “मामानं नेलं,” म्हणाली. मी तुला फोनवर काय काय बोलले ते कारकूनसाहेबांसमोर परत लिहीत नाही. तिला म्हणाले, “रस्त्यात भेटली असतीस तर ओळखलं नसतं तुला.” पुढचे आठ दिवस मी तिचा डबा भरून ओट्यावर ठेवायची आणि तोंड फिरवायची. एकोणीस तारखेला सकाळीही तसंच. “आई, जाते गं,” म्हणाली. मी नळ सोडला.

म्हणजे तो फोटो आदल्या वर्षीचा असूच शकत नव्हता. चौदा नोव्हेंबर खरी, पण त्याच वर्षीची. पूल पडायच्या पाच दिवस आधीची. काच वर्षभर तुटलेली नव्हती. ती तुटली यंत्र आल्यावर. तू ओरडून सांगत होतास ते खरं होतं.

हे मला फोटो उघडला त्याच क्षणी कळलं. नंतर नाही, हळूहळू नाही, त्याच क्षणी. आधी केस दिसले, मग काच दिसली, मग खालची तारीख.

कॅमेऱ्याची तारीख म्हणजे काय लायकीची गोष्ट, हे मला शिकवायला नको. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या कॅमेऱ्यांत भलतंच साल असतं. आणि घरात तुझा जप होताच, ताई, यंत्राला तारीख विचारू नकोस, खडूने लिही. त्यापायी तुझे खिसे कायम पांढरे आणि आईची कायम कटकट.

तरी मी बगळेबुवांना निरोप पाठवून फोटो वापरायची परवानगी मागितली. त्यांचं उत्तर माझ्याकडे अजून आहे. त्यांनी लिहिलं होतं, “जरूर वापरा. पण बाई, वर्ष तपासून घ्या. बॅटरी बदलल्यावर मी घड्याळ लावलं त्यात साल एकाने चुकलंय असं दिसतं.” मी त्याला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं, फोटोत माझी गेलेली मुलगी आहे, मला तो तिथे बघवत नाही, काढून टाकाल का? भला माणूस. तासाभरात काढला, वर माफी मागितली.

अशी मी ताकास तूर लागू दिली नाही.

का केलं म्हणून विचारशील. गाळ काढणारं यंत्र होतं रे. यंत्राच्या तोंडावर कसं थुंकायचं? कंत्राटदार मला कधी दिसलाच नाही, त्याचा नुसता वकील दिसला. तू दिसत होतास. तिला केस कापायला नेणारा, मला न विचारता. तिच्या शेवटच्या आठ दिवसांत तिच्याशी हसून बोलणारा. माझे आठ दिवस मी वाया घालवले आणि तुझे तू जपून ठेवलेस, हे मला सहन झालं नाही. तुझा राग आला. अजूनही येतो, थोडा.

मी फोटो देणार आहे. पूर्ण. माझं जे व्हायचं ते होवो. तुला आधी कळवते आहे एवढंच.

— ताई


५ जुलै

मी एका वकीलबाईंना भेटले. तरुण आहेत, कपाळावर आठी न घालता ऐकून घेतात. त्या म्हणाल्या, “काकू, फोटोत केस आखूड आहेत हे ठीक, पण केस कधी कापले याचा पुरावा लागेल. नाहीतर म्हणतील, भावासाठी बहिणीला आता पान्हा फुटलाय.”

म्हणून मी त्या पार्लरमध्ये गेले. कॉलेजच्या चौकातलं, जिन्याखालचं, दोन खुर्च्यांचं. त्या वेळी मी तिथे जाऊन पार्लरवालीशीही भांडले होते, त्यामुळे मला बघून ती आधी कात्री खाली ठेवून उभीच राहिली. मी म्हटलं, भांडायला नाही आले. तिने पाणी दिलं. मिरचीची वेणी तिने टाकून दिलेली नव्हती. कागदात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवली होती, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. साडेतीन वर्षं. तिचं रबरबँडसुद्धा तसंच आहे. वेणी आता माझ्याजवळ आहे.

पार्लरवालीची अपॉइंटमेंटची वही आहे, जाड, कोपरे तेलकट. ११ नोव्हेंबर, सकाळी अकरा. पुढे लिहिलंय, लांब वेणी कापणे, सोबत मामा. पार्लरवालीला सगळं आठवतं. “तुमचे भाऊ त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते की. दीड तास. पोरगी दोनदा उठून पळाली, हिंमत होईना. त्यांनी शेवटी खिशातून खडू काढून आरशावर तारीख लिहिली. म्हणाले, आता नोंद झाली, आता मागे फिरायचं नाही. मग बसली.”

मी वहीतली ती ओळ परत वाचली.

अकरा नोव्हेंबर ही तारीख मी आधीही ऐकलेली आहे. समितीने तुझं रजिस्टर मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. चौथी आणि शेवटची नोंद. ११ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा ते बारा, तिसरा खांब, काच शाबूत.

त्यांनी तुला विचारलं होतं, या चारही वेळा तुम्ही खांबापर्यंत गेला होतात का? तू मूग गिळून गप्प बसलास. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. मला वाटलं, चोर सापडला. सगळ्यांनाच वाटलं.

म्हणजे तीन नोंदी खऱ्या. आणि चौथी?

केसांची तारीख सिद्ध करायची तर ही वही द्यावी लागेल. वही दिली तर तू तीन नोंदींतून सुटशील आणि चौथीत पक्का अडकशील. वही नाही दिली तर फोटोचं कुणी ऐकणार नाही. वकीलबाईंनाही अजून सांगितलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुला विचारून करायचं ठरवलंय. या वेळी तरी गप्प बसू नकोस.

— ताई


१४ जुलै

ताई,

तिन्ही पत्रं वाचली होती. पहिल्यापासून वाचली. चौथं काल आलं.

अकरा तारखेला मी खांबावर गेलो नाही. नाव सांगून ठेवली होती, नाववाला वाट बघून निघून गेला. सकाळी कॉलेजच्या दारातून तिचा फोन आला. मामा, आत्ता नाही नेलंस तर मी परत घाबरेन. म्हटलं, तासाभराचं काम आहे, दुपारी जाऊ खांबावर. दुपारी साहेबांनी रजिस्टर मागितलं. मी आधी लिहून टाकलं, उद्या जाऊन बघू म्हणून. नोकरीच्या सतरा वर्षांत तेवढं एकदा. मग उद्याचं परवा झालं.

अकराला काच शाबूत होती की तुटली होती, मला माहीत नाही. यंत्र तर चालू होतं. गेलो असतो तर कदाचित दिसलं असतं, पूल बंद केला असता. कदाचित अख्खीच असती आणि बारा तारखेला तुटली असती. हे आता कुणालाच कळणार नाही. मी रोज एकदा तुटलेली बघतो आणि एकदा अख्खी बघतो.

समितीत मी का बोललो नाही, विचारतेस. तीन वेळा गेलो होतो म्हटलं असतं तर म्हणाले असते, मग चौथ्यांदा कुठे होतात? पार्लरमध्ये, असं सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच. एका पोरीच्या केसांपायी अकरा माणसं गेली. ताई, त्या अकरांत तीपण होती. तिच्यावर हे येऊ द्यायचं नव्हतं. आणि तुला ते कळलं असतं तर तू माझ्यावर रागावली असतीस ते मी सोसलं असतं. पण तू तिच्यावर रागावली असतीस.

तू फोटो कापला असशील असं मला वाटलं होतं. त्या तुकड्यात वरच्या कडेला कठड्याची सावली होती आणि त्या सावलीला कोपर होतं.

तू माझं वाटोळं केलंस हे खरं आहे. ते मी विसरणार नाही, उगाच तोंडदेखलं लिहीत नाही. पण फोटो दे. वहीपण दे. चौथी नोंद माझी आहे, ती माझ्या नावावर राहू दे. बाकीच्या तीन नकोत. आणि यंत्रवाल्याला सोडू नकोस, वरच्या धरणाखालच्या पुलाशी तोच गाळ काढतोय असं इथे नव्याने आलेल्या एकाने सांगितलं.

बगळेबुवांच्या मुलीलाही पाठव.

मला एक प्रत पाठव. कडा न कापता.

— खडू


२२ जुलै

खडू,

आज कोर्टात देऊन आले. वकीलबाई सोबत होत्या. पूर्ण फोटो, बगळेबुवांचा निरोप, पार्लरची वही आणि माझा सहा पानी जबाब. जबाबात काही ठेवलं नाही. नळ सोडल्याचं तेवढं लिहिलं नाही, त्यांना त्याचा उपयोग नाही. वकीलबाई म्हणतात, माझ्यावर खटला होईल, पुरावा लपवल्याचा. होऊ दे. मालकांना सांगितलं, कापायला दुसरं कुणी बघा. ते चष्मा पुसत बसले.

तिथला कागद घेणारा कारकून पन्नाशीचा, कामात वाघ. प्रत्येक कागदावर शिक्का, प्रत्येक शिक्क्याखाली सही. फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“बाई, हा असा नाही चालायचा,” म्हणाला. “मुद्दा खांबाचा आहे ना? मग वरची मुलगी कशाला? तेवढा खांबाचा भाग कापून द्या. कोपऱ्यावर फोटोचं दुकान आहे, दोन मिनिटांत करून देतील.”

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“ती राहू दे,” म्हटलं. “तारीख तिच्यावरच आहे.”

त्याला कळलं नाही. मग मी सांगितलं. वेणीपासून सुरू केलं आणि एकोणीस तारखेपर्यंत. त्याने मध्येच शिक्का खाली ठेवला आणि मला खुर्ची दिली. शेवटी त्याने फोटो होता तसा घेतला आणि शिक्का मागच्या बाजूला मारला, पुढे नाही.

धरणाखालच्या पुलाचाही अर्ज दिलाय. तिथल्या खांबांचे फोटो त्याच अल्बमवर मागवलेत. आज दुपारपर्यंत साठ आले. प्रत्येकाला कळवलंय की फोटोसोबत तारखेची चिठ्ठी धरा, कॅमेऱ्याच्या भरवशावर राहू नका.

तुझी प्रत सोबत आहे. कडा सोडल्यात. मागे तारीख खडूने लिहायला गेले, पण या चकचकीत कागदावर खडू बसत नाही. पेनाने लिहिली आहे.

नीट बघ तिच्याकडे. वाऱ्याने कपाळावर केस आलेत आणि ती ते मागे सारायला हात वर करतेय, पण मागे सारायला वेणीच नाही, म्हणून स्वतःशीच हसतेय. चांगले कापले होते रे केस. तिला छान दिसत होते. आठ दिवस होते माझ्याकडे आणि मी तिला हे एकदाही म्हटलं नाही.

— ताई